टाचण्यांची वाटी

४ मार्च

ठमे,

पत्र बघून घाबरू नकोस, आई ठणठणीत आहे. नवा चष्मा तिला पसंत पडलेला नाही, एवढंच. काच चांगली आहे म्हणते, पण त्यातून मी फार जाड दिसते म्हणे.

फोन सोडून पत्र का, असं तू विचारशील. एक तर माझा फोन तू उचलत नाहीस. आणि चुकून उचललासच, तर मागे तुझ्या नवऱ्याच्या चपलांची फटफट ऐकू येणार. ती फटफट मी पाच वर्षं माझ्या टेबलाशेजारी ऐकली आहे. कुरळ्या विचार करायला लागला की चालायला लागतो. त्याला शब्द कसे लावायचे ते मी शिकवलं, पण पाय उचलून चालायला काही शिकवता आलं नाही.

बघ, विषयाला हात घालायच्या आधीच तो मध्ये आला.

विषय कामाचा आहे. आमच्याकडे एका पंख्यांच्या कंपनीचं काम येऊ घातलंय. छताच्या पंख्यांच्या. कंपनी जुनी आहे, दुकानदार ओळखतात, पण नवी पोरं तिचं नाव घेत नाहीत, म्हणून त्यांना आता ब्रँड व्हायचंय आणि त्यासाठी मॅनिफेस्टो हवाय. हा काय प्रकार असतो ते आईला मी परवा पुन्हा समजावलं. कंपनी काय विकते ते सांगायचं नसतं, ती कशासाठी जगते ते सांगायचं. आई म्हणाली, "म्हणजे कंपनीची शपथ." मग थोडं थांबून म्हणाली, "पण पंखा कशासाठी जगतो गं?" मला तरी कुठे माहीत आहे.

जाहिरातीच्या अनेक एजन्सींमधून त्यांनी दोन ठेवल्यात. एक आमची. दुसरी कुठली, ते तुला माहीत आहे. तुझ्या जेवणाच्या टेबलावर त्याचे कागद पसरलेले असतील.

ठमे, तू आजवर माझा प्रत्येक मॅनिफेस्टो ऐकलायस. बुटांचा, दुधाच्या भुकटीचा, त्या भिकार बँकेचा. मी फोनवर वाचायचे, तू मशीनपाशी कुणाचा तरी घेर टाचत बसलेली असायचीस. तोंडात टाचण्या, त्यामुळे बोलणं नाही, नुसतं "हं". आणि मध्येच तुझ्या त्या स्टीलच्या वाटीत टाचण्या पडल्याचा आवाज यायचा, टिण टिण टिण. तो आला की मी समजायचे, ही ओळ खोटी आहे, हिला कंटाळा आला. "बरं, कळलं," म्हणायचे आणि ओळीवर काट मारायचे. कधी वाद घातला नाही. ऑफिसात मोठ्या साहेबांशी मी शब्दाशब्दासाठी भांडते, पण तुझ्या वाटीपुढे एक अक्षर बोलले नाही.

आणि ती वाटी तू त्याला दिलीस.

गेल्या वर्षी फोनवर मी हेच म्हणाले होते, की माझा कान तू त्याला दिलास. त्यावर तू काय म्हणालीस ते मला पाठ आहे. "ताई, कान माझा आहे." आणि फोन ठेवलास. ते वाक्य चांगलं होतं, हे मला त्याच क्षणी कळलं. त्याचा जास्तच राग आला.

मी जळते, ठमे. तो तुझा नवरा झाला त्याचं मला काही वाटलं नाही. त्याला बक्षीस मिळालं त्याचंही एखादा आठवडाच वाटलं. पण दुपारी तू मशीनपाशी बसलीस की तो समोर उभा राहून वाचतो आणि तू ऐकतेस, या एका गोष्टीने माझ्या अंगाचा तिळपापड होतो. माझ्या वयाच्या बाईला हे शोभत नाही, असं आई म्हणते. शोभायला मी काय पडदा आहे?

पंख्यांचं माझं ऐकशील का, एवढंच विचारायचं होतं. पंखे गेले तरी चालतील. म्हणजे चालणार नाहीत, पण ते दुसरं. तू ऐकायला हवंस.

ताई

१२ मार्च, ऑफिसात

ठमे,

तुझा निरोप मिळाला. "ऐकते. त्याचंही ऐकणार. एकाचं दुसऱ्याला सांगणार नाही." असा निरोप तर गिऱ्हाइकाला धाडतात, ब्लाउज तयार आहे म्हणून. तरी मी तो सकाळपासून पुनःपुन्हा वाचतेय.

त्याचं आधी ऐकणार आहेस की माझं? सांगू नकोस. सांग.

काल कारखान्यात जाऊन आले. मालकांनी लेकीच्या हातात सगळं सोपवलंय. मालकीणबाई तिशीतल्या असतील, केस बारीक कापलेले, पायात जाड बूट. बोलणं कमी. मी गोड गोड प्रश्न विचारायला लागले तर म्हणाल्या, "आधी बघून घ्या." आणि थेट पात्यांच्या खोलीत घेऊन गेल्या. तिथे तीन बायका नुसती पाती तोलत बसलेल्या असतात. प्रत्येक पंख्याची तीन पाती एका वजनाची लागतात, गुंजभर फरक पडला तर पंखा डुलायला लागतो. एकदा तिघांची जोडणी झाली की त्यांना दोऱ्याने एकत्र बांधतात आणि पुढे कुणी त्यांची ताटातूट करत नाही. मी त्यातल्या एका बाईंना विचारलं, "तिघांत चौथं घुसलं तर?" त्या माझ्याकडे बघतच राहिल्या. म्हणाल्या, "चौथं बसायला जागाच नसते, बाई."

मला फार बरं वाटलं ते ऐकून. आई, तू आणि मी. कुरळ्याला सांग, तंत्रज्ञानसुद्धा माझ्या बाजूचं आहे.

पुढच्या खोलीत पंखे नुसते फिरत ठेवलेले असतात. ओळीने, छताला, दिवसचे दिवस. खाली रिकामी फरशी, माणूस नाही. मी तिथे मान वर करून उभी राहिले, आणि मला आपली मधली खोली आठवली. भिंतीवरचं ते पिवळं पडलेलं बटण आठवतं ना? मला उकडायचं आणि तुला थंडी वाजायची. मी उठून पाचावर न्यायचे, तू उठून दोनवर आणायचीस. शेवटी बाबा म्हणाले, तीनवर राहील, आणि कुणी हात लावला तर दोघींना गच्चीत झोपवीन. मग मी तीनवर घामाघूम होत पडायचे आणि तुझी हिरव्या चौकड्यांची चादर पायाशी गोळा झालेली असली की ओढून तुझ्या अंगावर टाकायचे. उकडत होतं मला आणि चादर घालत होते तुला. आता लिहिताना हसू येतंय.

मोठे साहेब म्हणाले, "कारखान्यातून काय आणलंस?" मी म्हटलं, "वेग, समतोल, विश्वास." त्यांना आवडलं. त्यांना असे शब्द जेवणानंतर बडीशेपेसारखे लागतात.

एक गोष्ट मागच्या पत्रात लिहायची राहिली. राहिली नाही, मी टाळली. त्या बक्षीस समारंभाला मी शेवटपर्यंत बसले नव्हते. तो स्टेजवर गेला, माइक जवळ ओढला आणि म्हणाला, "मी घरी वाचून दाखवतो तेव्हा माझी बायको तोंडातल्या टाचण्या काढून वाटीत ठेवते, तेव्हा मला कळतं…" एवढं ऐकून मी उठले. आपली दोघींची गोष्ट, फोनमधली, कुणाला न सांगितलेली, आणि तो पाचशे माणसांना सांगत होता. काय कळतं ते ऐकायची गरज नव्हती. मला ते त्याच्या आधीपासून कळत होतं. बायकांच्या रांगेतून गुडघे बाजूला सारत बाहेर पडताना मागे टाळ्या वाजत होत्या.

लिहून झालं की पाठवते.

ताई

१९ मार्च

ठमे,

सोबत कागद जोडलाय. टाइप केलेला आहे, तू माझ्या अक्षराला नावं ठेवतेस म्हणून.

फोनवर वाचणार नाही. तुझ्या घरात मी वाचत असताना तो दाराआड उभा राहणार नाही याची मला खात्री नाही. म्हणून असं कर. तो घरी नसताना मशीनपाशी बस, नेहमीसारख्या तोंडात टाचण्या धर आणि मनात वाच. आणि जिथे तुझ्या टाचण्या तोंडातून बाहेर येतील, तिथे त्या ओळीवर एक टाचणी लाव. बाकी काही लिहू नकोस. टाचण्या लावलेला कागद तसाच परत पाठव. मला कळेल.

कागदावर काय आहे ते इथे पण लिहिते, म्हणजे टपालात हरवला तर निदान हे राहील.

*आम्ही वारा विकत नाही. वारा कुणाच्या मालकीचा नसतो.*

*उद्याचं जग वेगवान आहे. आम्ही त्या वेगाला दिशा देतो.*

*पंखा छताला असतो, म्हणून त्याच्याकडे कुणी बघत नाही. बघतात ती आजारी माणसं, आणि ज्यांचा डोळा लागत नाही ती.*

*प्रत्येक पात्यात एक स्वप्न. प्रत्येक फेरीत एक विश्वास.*

*एका पंख्याखाली झोपणाऱ्या दोघांपैकी एकाला नेहमी थंडी वाजते. दुसऱ्याला उकडत असतं, तरी चादर त्यानेच घालायची असते.*

*आमचा पंखा बंद केल्यावरही थोडा वेळ फिरत राहतो. रागावून खोलीबाहेर गेलेलं माणूस परत येईपर्यंत.*

*आम्ही घराघरात समतोल आणतो.*

यातलं काय मोठ्या साहेबांसाठी आहे आणि काय माझं, ते तुला सांगायला नको. पण मी ठरवलंय, तुझी टाचणी जिथे असेल तिथे कात्री. माझं असलं तरी.

त्याचं ऐकून झालं का?

ताई

२६ मार्च

कागद मिळाला.

तीन टाचण्या. एक आजारी माणसांवर, एक चादरीवर, एक रागावून बाहेर गेलेल्या माणसावर. निळ्या डोक्याच्या, त्या चांगल्या कापडासाठी राखून ठेवतेस त्या. निदान साध्या तरी वापरायच्या होत्यास.

वेगाला दिशा दिली ते तुला चाललं. पात्यात स्वप्न घातलं तेही चाललं. समतोल आणला, तुझ्या तोंडातली टाचणी हलली नाही. आणि चादर? ती कुणाची होती ते तुला आठवलंही नसेल. का आठवलं, आणि म्हणूनच नकोशी झाली?

मी कागद बराच वेळ टेबलावर तसाच ठेवला. माझ्याकडे काम शिकणारी मुलगी म्हणाली, "यावर टाचण्या का आहेत?" मी म्हटलं, "बहिणीने लावल्यात." ती "छान" म्हणाली आणि गेली. आजकाल सगळ्यांना सगळं छान वाटतं.

मला उलट वाटत होतं, ठमे. मला वाटत होतं की याच तीन ओळी खऱ्या आहेत. लिहिताना माझा हात एकदाही थांबला नव्हता. पण मग आठवलं, दर वेळी असंच व्हायचं. बुटांच्या वेळीही मला जी ओळ सगळ्यांत आवडली होती त्याच ओळीला तुझी वाटी वाजली होती. म्हणजे मला जे खरं वाटतं ते ऐकणाऱ्याला खोटं लागतं, हे मी केव्हाच शिकून बसले आहे. शिकले आणि नाव कमावलं. लोक म्हणतात, बाईंचं लिखाण कसं नेटकं असतं, कुठे ओलावा नाही. ते तुझ्यामुळे.

पण या वेळी गिळायला जड जातंय. कारण या वेळी मला खात्री नाही की तू ओळीला टाचणी लावलीस. मला वाटतं तू मला लावलीस. मधल्या खोलीचं काही काढू नकोस, हेच म्हणायचं होतं ना तुला? आता तुझी स्वतंत्र खोली आहे, स्वतंत्र पंखा आहे, आणि बटण तुम्ही दोघं मिळून फिरवता. छान.

तिन्ही ओळी काढल्या. मोठ्या साहेबांना वाचून दाखवलं. म्हणाले, "आता कसं, एकदम आवळून बांधलंय." सोमवारी कंपनीत सादर करायचंय. आधी आम्ही, मग ते.

कागद टाचण्यांसकट पर्समध्ये ठेवलाय. फेकायला गेले होते, पण टाचण्या चांगल्या आहेत.

ताई

२ एप्रिल

ठमे,

तुला त्याच्याकडून सगळं कळलंच असेल, पण तो मुळमुळीत सांगतो, म्हणून माझ्याकडून ऐक.

मोठी खोली, लांबलचक टेबल, आणि डोक्यावर त्यांचाच पंखा, अजिबात आवाज नाही. मी उभी राहून वाचलं. वाचायला मिनिटसुद्धा लागलं नाही, इतकं आवळलेलं. मोठे साहेब माझ्या प्रत्येक ओळीला मान डोलवत होते. मालकीणबाई बोट हनुवटीला लावून ऐकत होत्या. संपल्यावर म्हणाल्या, "हे आमच्या पंख्याबद्दल आहे की कुठल्याही?"

मोठे साहेब हसले. म्हणाले, "हेच तर त्याचं सामर्थ्य." बाई हसल्या नाहीत. त्यांनी पाण्याचा घोट घेतला आणि म्हणाल्या, "तुम्ही फिरत्या पंख्यांच्या खोलीत बराच वेळ उभ्या होतात असं आमची माणसं सांगत होती. मला वाटलं तिथलं काहीतरी येईल."

माझ्या हातात पर्स होती. मी ती उघडली नाही. उघडावी असं मनातही आलं नाही, कारण आतल्या त्या ओळींवर तुझी टाचणी होती.

बाहेर आले तर बाकावर तुझा नवरा बसलेला, मांडीवर पिशवी, इस्त्रीचा शर्ट. उठून उभा राहिला. अजून मला बघितलं की उठतो, तेवढं बरं वळण आहे.

"ताई, कसं झालं?"

"झालं."

"चादरीचं काही होतं ना त्यात?"

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. म्हटलं, "म्हणजे सांगितलं तिने तुला. सांगणार नव्हती ना?"

"नाही हो, एक शब्द नाही बोलली. पण तुमचा कागद आला त्या दिवशी मी घरी आलो तर कपाटातलं सगळं सामान खाली काढलेलं, आणि ही मांडीवर हिरव्या चौकड्यांची चादर घेऊन बसलेली. डोळे लाल. मी म्हटलं काय झालं, तर म्हणे धूळ गेली. म्हणून विचारलं."

ती चादर तुझ्याकडे आहे? मला वाटलं, आईने केव्हाच तिची फडकी केली.

मी म्हटलं, "होतं चादरीचं. काढलं."

"का?"

"तिने टाचणी लावली होती त्याच्यावर."

तो माझ्याकडे बघायला लागला. तोंड थोडं उघडं, तो गोंधळला की दिसतो तसा. म्हणाला, "मग काढलं का?"

"टाचणी लावली होती म्हणून."

"अहो ताई, पण टाचणी…" मग तो खाली बसला आणि मला हाताने बसा म्हणाला, आणि मी बसले.

त्याने सांगितलं ते असं. तू शिवणकाम शिकत होतीस तेव्हा तुमच्या वर्गातल्या एका मुलीने हसता हसता टाचणी गिळली होती. तिला दवाखान्यात नेलं होतं. तेव्हापासून हसू येणार असेल, हुंदका येणार असेल, श्वास अडकेल असं काही आलं, की तू आधी टाचण्या वाटीत टाकतेस आणि मग काय ते होऊ देतेस. आवडलं नाही तर तू टाचण्या काढायची काही गरजच नसते. आवडलं नाही तर तू शिवत राहतेस.

"तुम्हाला माहीत नव्हतं?" तो म्हणाला.

मी मानेनेच नाही म्हटलं.

"ती तर म्हणते, ताईच्या सगळ्यात चांगल्या ओळी नेहमी कंपनीवाले काढून टाकतात. छापून आलं की शोधायची, ओळ नसायचीच. इतकी चिडायची त्या कंपन्यांवर. त्या बँकेतलं खातं बंद केलं तिने."

"तुला कसं कळलं? टाचण्यांचं."

"मी विचारलं," तो म्हणाला. "पहिल्यांदा वाचून दाखवलं तेव्हा मध्येच टाचण्या टाकल्यास त्या का, म्हणून विचारलं."

विचारलं. बस, एवढंच केलं त्याने. मी त्याला शिकवलेल्या सगळ्या गोष्टी एकीकडे, ही एक त्याने घरी शिकून घेतली आणि बक्षीस घेऊन आला. स्टेजवरच्या त्या वाक्याचं पुढचं अर्धं मला आत्ता बाकावर बसून ऐकायला मिळालं, "…तेव्हा मला कळतं, जमलं."

ठमे, मला त्या वेळी काय वाटलं ते खरं सांगते. वाईट नाही वाटलं, ते नंतर वाटलं. आधी मला त्याचा हेवा वाटला, पूर्वीपेक्षा दहापट. तू जन्माची बहीण माझी, आणि तुझ्या तोंडातली टाचणी का बाहेर येते ते त्या गबाळ्याला ठाऊक.

मग मी विचारलं. मला राहवलं नाही. "तुझ्या पंख्यांना किती टाचण्या पडल्या?"

त्याने पिशवीचा बंद गुंडाळला, सोडला. "एकही नाही," म्हणाला. "माझं वाचून होईपर्यंत तिने अख्ख्या फ्रॉकचा घेर टाचून संपवला."

मला इतका आनंद झाला की मी पर्समध्ये काहीतरी शोधायचं नाटक केलं, तोंड लपवायला. तिथे तुझी टाचणी माझ्या बोटात घुसली. बोट तोंडात घालून बसले तर तो म्हणतो, "ताई, अजून बाई आतच आहेत. मला थोडा वेळ आहे. तुम्ही जा आणि त्या ओळी वाचा. मी थांबतो."

त्याच्या चेहऱ्यावर काही कपट नव्हतं. तेच तर जास्त झोंबलं. तो देणार, मी घेणार, आणि संध्याकाळी तू त्याला म्हणणार, किती चांगला आहेस रे. मी म्हटलं, "तुझी वेळ तू वापर." आणि बोट चोखत जिना उतरले. कागद पर्समध्येच राहिला.

मोठे साहेब गाडीत म्हणाले, "हा कोण होता?" मी म्हटलं, "माझा धाकटा मेहुणा." असं मी पहिल्यांदाच म्हणाले.

ताई

१० एप्रिल

ठमे,

काम त्याला मिळालं. अभिनंदन कर माझ्याकडून. नको, मी करीन, तू मध्ये पडू नकोस. त्याचा मॅनिफेस्टो मी मिळवून वाचला. बरा आहे. एकही टाचणी न पडण्याइतका बरा आहे.

तू निरोपात लिहिलंस की त्या तीन ओळी मी त्याला दिल्या तर तो माझं नाव सांगून वापरेल, त्याने तसं विचारलंय. नाही देणार. त्याला पंखे मिळाले, बक्षीस मिळालं, तू मिळालीस. चादर मिळणार नाही. कद्रू म्हण, जळकुटी म्हण, काही म्हण. त्या ओळी कुठल्याही पंख्याच्या खोक्यावर छापल्या जाणार नाहीत. तू आजारी होतीस तेव्हा पंख्याकडे एकटक बघत पडायचीस, ते कुणाला विकायचं नाही आता.

आणि तुझ्या निरोपात तू आणखी एक विचारलंस, की एवढ्या वर्षांत मला एकदाही विचारावंसं का वाटलं नाही. मला वाटतं, मला भीती वाटायची. तुला आवडलं नाही हे मी गृहीत धरलं होतं, कारण ते पचवता येतं. आवडलं असेल असं धरलं असतं, आणि मग एखाद्या दिवशी वाटी वाजलीच नसती, तर मी काय केलं असतं?

गेले चार दिवस मी एक काम करतेय. खोडलेल्या ओळी आठवून बघते. बऱ्याच आठवतात, आश्चर्य आहे. छापून आलेल्या एकाही ओळीतलं मला धड काही आठवत नाही, पण खोडलेल्या आठवतात. बुटांची पहिली होती, आईच्या चपलेत पाय घालून घरभर फिरलेल्या मुलीबद्दल. ती मुलगी तू होतीस, हे तुला तेव्हा कळलं होतं का? दुधाच्या भुकटीत एक होती, कपाच्या तळाशी उरलेल्या साखरेवरून भांडणाऱ्या दोघींची. बँकेचीही एक होती. बँकेची का होती कोण जाणे, पण त्यातही तू होतीस, खुळखुळणारा डबा कानाला लावून बसलेली. मी समजत होते की मी बूट आणि दूध विकतेय.

आईला मी टाचण्यांचं सगळं सांगितलं. ती पोट धरधरून हसली, मग चष्मा काढून पुसला. म्हणाली, "तुम्ही दोघी लहानपणीही अशाच, एक बोलायची नाही आणि दुसरी विचारायची नाही." मग म्हणाली, "जावईबापू बोलका आहे म्हणून बरं." तिलाही फितवलंय त्याने.

रविवारी दुपारी मी फोन करणार आहे. या वेळी उचल. कामाचं काही नाही, कुठला ब्रँड नाही, कुणाला काही सादर करायचं नाही. आठवतील तेवढ्या ओळी वाचून दाखवणार आहे, एकामागून एक. कुरळ्याला तेवढ्या वेळापुरता घराबाहेर पाठव. कुठेही पाठव, दूरच्या बाजारात पाठव, त्याला चालायला आवडतं. माझ्यावर उपकार म्हणून नको, ऐकतोय असं मला वाटलं तर मी वाचणार नाही, एवढंच.

काहीतरी टाचायला घेऊन बस, मोठा घेर असेल असं. आणि वाटी रिकामी ठेव.

ताई